गुळव्याची टाकी

मुलांनो, पुस्तक मांडीवर राहू द्या आणि दोन्ही हात पुढे करा, दोन वाट्या धरल्यासारखे. डाव्या वाटीत गूळ आहे, आत्ताच काहिलीतून काढलेला. हाताला चटका बसतोय. थोडं थांबा, फुंकर घाला. जसा तो निवेल तसा घट्ट होत जाईल. उजव्या वाटीतही मधासारखं दाट काहीतरी आहे, पण ते गार आहे आणि त्याचा वास नाकात झोंबतो. त्यात पाण्यासारख्या एका औषधाचे थोडे थेंब पडले, काडीने ढवळलं गेलं. आता लक्ष ठेवा. खाली जाळ नाही, तरी वाटी कोमट लागते. मग गरम. आणि जशी ती गरम होते, तसं आतलं घट्ट होतं.

एक निवून घट्ट होतो, दुसरं तापून. तुम्हाला हे दोन मिनिटांत कळलं. चनबसाप्पाला ते साठी उलटल्यावर कळलं, आणि ते कळेपर्यंत त्याच्या घरातले काही दिवस फार वाईट गेले.

कागलच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला टेकून एक गाव आहे. चनबसाप्पा तिथला गुळव्या. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळत असतो तेव्हा तो नेमका कधी उतरवायचा हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. चार माणसं काहिलीला हात लावून उभी असायची आणि चनबसाप्पा वाकून बुडबुडे बघायचा. डावभर रस वर घेऊन खाली सोडायचा. त्याची तार कशी पडते ते बघायचा आणि म्हणायचा, "उतरा." चाळीस वर्षं तो असं म्हणत आला. त्याच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पोळल्याचे पांढरे डाग होते.

मग गावातला सगळा ऊस साखर कारखान्याला जायला लागला. गुऱ्हाळ बंद झालं. मालकाने काहिल मोडीत घातली. पत्र्याची ती मोठी शेड रिकामी पडली, आणि जमिनीतलं चुलवण, म्हणजे काहिलीखालची ती खोल भट्टी, उंदरांना मिळालं.

चनबसाप्पाचा मुलगा संगमेश तेव्हा कोल्हापूरजवळच्या एका वर्कशॉपात फायबरचं काम शिकून आला होता. त्याने ती शेड भाड्याने घेतली आणि गोबरगॅसच्या टाक्या करायला सुरुवात केली. शेण कालवलेल्या खड्ड्यावर पालथी टाकी बसवायची. गॅस भरला की ती वर उचलली जाते. पूर्वी ती लोखंडाची असायची आणि पाच-सहा वर्षांत गंजून जायची. फायबरची गंजत नाही. सत्त्याण्णव सालच्या दसऱ्याला पहिली टाकी झाली.

टाकी करायची रीत अशी. आधी साचा. त्याला मेण चोळायचं. मग रेझिन, म्हणजे तो मधासारखा दाट पदार्थ. त्यात जांभळं औषध आधीच मिसळून ठेवलेलं असतं. काम करायच्या वेळी डब्यात किलोभर रेझिन घ्यायचं, त्यात हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारं पाण्यासारखं औषध, बाटलीच्या बुचाने मोजून घालायचं, ढवळायचं. साच्यावर काचेच्या तंतूंची मॅट अंथरायची, तिच्यावर ब्रशने ते रेझिन मुरवायचं आणि रोलर फिरवून हवा काढायची. एक थर, दुसरा थर, तिसरा. संगमेशने घरात पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "जांभळं आन् हार्डनर, दोन्ही नुसती एकमेकात घालायची न्हाईत. भडका उडतोय. आन् हार्डनर डोळ्यात गेलं तर डोळा गेलाच म्हणून समजा. दानू, तू त्या बाटलीला शिवायचं सुदिक न्हाय."

दानू म्हणजे दानेश्वरी, संगमेशची मुलगी. पाचवीत होती.

चनबसाप्पा मुलाच्या हाताखाली काम करू लागला. पंधरा दिवस त्याने नुसतं बघितलं. त्याला एक गोष्ट खटकत होती. संगमेश एकेक किलो कालवायचा, त्यामुळे टाकीचा रंग कुठे फिका, कुठे गडद दिसायचा. एका काहिलीतल्या ढेपा दोन रंगांच्या निघाल्या तर गुळव्याची अब्रू जाते. एके दुपारी संगमेश कोल्हापुरात मंगळवार पेठेत ब्रश आणायला गेला होता. ऑक्टोबरचं ऊन होतं, पत्रा तापलेला. चनबसाप्पाने प्लास्टिकच्या बादलीत दहा किलो रेझिन ओतलं, किलोला एक बूच या हिशोबाने दहा बुचं हार्डनर घातलं आणि मन लावून ढवळलं.

थोड्याच वेळात बादली कोमट झाली. मग हात लावू नये इतकी गरम.

"तापलंय," तो दानेश्वरीला म्हणाला. "निवू दे जरा. निवल्यावर लावू."

त्याने बादलीवर पोतं टाकलं आणि तंबाखू मळत बसला. मुलांनो, चाळीस वर्षं ज्याने गरम रस निववला, त्याने दुसरं काय करावं?

पोत्यातून धूर आला. दानेश्वरी ओरडली. दोघांनी बादली ओढत बाहेर आणली तेवढ्यात ती एका बाजूने वितळून खाली बसली. संगमेश सायकलवरून उतरला तेव्हा शेजारची चार माणसं जमली होती आणि दारात पिवळा, चिरा पडलेला, धुमसणारा दगड पडला होता.

"आण्णा, ह्यो गूळ न्हवं!" संगमेश सगळ्यांसमोर ओरडला. "गूळ न्हवं ह्यो! कितींदा सांगायचं?"

त्या दिवसापासून हार्डनरची बाटली संगमेश स्वतःच्या ताब्यात ठेवू लागला. चनबसाप्पाकडे कात्री आली. अंगणात पोतं टाकून मापाने मॅट कापायची. ते तंतू कातडीत शिरायचे, हात खाजून लाल व्हायचे. संगमेशची बायको बसव्वा संध्याकाळी त्याच्या हातांना खोबरेल तेल द्यायची. रस्त्याने जाणारे विचारायचे, "काय चनबसाप्पा, गोधड्या शिवायलाईस काय?" आणि दारातल्या त्या दगडाला गावाने नाव ठेवलं होतं, चनबसाप्पाची ढेप. तो इतका जड होता की कुणी हलवला नाही.

असा जानेवारी आला. त्या वर्षी थंडी बरी होती. सकाळी म्हशींच्या नाकातून वाफ निघायची.

कृष्णातच्या टाकीचं काम तेव्हा हातात होतं. कृष्णात हा गावातला दुधाचा मोठा शेतकरी, नऊ म्हशींचा. त्याने खड्डा बांधून घेतला, शेण कालवून भरला आणि टाकीची वाट बघत बसला. त्याची टाकी कशी होते हे बघून आपण करायची, असं म्हणणारी अकरा घरं होती.

संगमेशने सकाळी सहाला काम सुरू केलं. लवकर सुरुवात म्हणजे लवकर शेवट, हा त्याचा हिशोब. किलोला एक बूच हार्डनर, वर्कशॉपात शिकला तेच माप. तो शिकला होता एप्रिल-मेमध्ये. दुपार झाली तरी रेझिन ओलं. रात्रभर ठेवलं तरी बोटाला चिकटतच होतं. दुसऱ्या दिवशी त्याने टाकी साच्यातून उचलायला घेतली तर कच्च्या भाकरीसारखी ताणली गेली आणि मॅट उघडी पडून फाटली.

"कमी पडलं हार्डनर," तो म्हणाला.

दुसऱ्या खेपेला त्याने मुकाट्याने किलोला चार बुचं घातली. ते वीस मिनिटांत घट्ट झालं. हात ठेववत नव्हता इतकं तापलं. संगमेश खूश झाला. संध्याकाळी सगळे चहा पीत बसले होते तेव्हा शेडमधून आवाज आला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा, टक्. टाकीच्या पोटाला वितभर लांब तीन चिरा गेल्या होत्या. संगमेशने बोटाने एक कडा दाबली. बिस्किटासारखी तुटली.

आता पिंपात एकाच टाकीपुरतं रेझिन उरलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी कृष्णात आला. पँट गुडघ्यापर्यंत शेणाने भरलेली. तो ढेपीवर पाय ठेवून उभा राहिला.

"पावणं, रेडकू पडलं माझं खड्ड्यात," तो म्हणाला.

"कुठल्या?"

"कुठल्या म्हंजे? उघड्या. तुमच्या टाकीची वाट बघतोय त्या. चौघांनी वडून काढलं. माझी आई म्हणाली, आज रेडकू पडलं, उद्या मी पडंन. म्हातारीला दिसत न्हाय सांजचं." त्याने चिरलेल्या टाकीकडे बघितलं. "हीच काय माझी?"

"दुसरी करतो," संगमेश म्हणाला.

"दुसरी हीच न्हवं? पयली फाटली म्हणत्यात."

संगमेशने चिरेवर हात ठेवला.

"सोमवार," कृष्णात म्हणाला. "सोमवारी बसली तर बसली. न्हायतर मंगळवारी लोखंडाची आणतो, आन् दूध संस्थेत उभा ऱ्हाऊन सांगतो, फायबरचं काय खरं न्हाय म्हणून. राग धरू नगा."

तो गेल्यावर बसव्वा दारातून म्हणाली, "कबनूरचा माझा दादा म्हणत होता, यंत्रमागावर माणूस पायजे म्हणून. खोली बी हाय."

"एकच खोली हाय," संगमेश म्हणाला.

"व्हय."

"मग आण्णा?"

चनबसाप्पा अंगणात कात्री पुसत होता. त्याने ऐकलं होतं. दानेश्वरीनेही ऐकलं होतं. कबनूरला जायचं म्हणजे वडील अप्पा, आई अव्वा आणि आपण. आजोबा, तिचा अज्जा, इथे, या शेडजवळ, एकटा. तिने दोनदा मनात मोजून बघितलं. एका खोलीत चौथं अंथरूण बसत नव्हतं.

रोज सकाळी दूध संस्थेत दूध घालायचं काम दानेश्वरीचं. शुक्रवारी ती किटली घेऊन रांगेत उभी होती. संस्थेचा सचिव आकाराम प्रत्येकाच्या दुधात आधी थर्मामीटर बुडवायचा आणि मग दुधाची दाटी सांगणारी काचेची कांडी सोडायचा. ती हे दोन वर्षं बघत होती. आज तिने विचारलं, "काका, आधी ते कशाला बुडवतासा? कांडीनं मोजलं की झालं की."

"झालं की?" आकाराम हसला. "अगं, तेच दूध गार असलं की दाट दाखवतंय, कोमट असलं की पातळ. कांडीला काय कळतंय? म्हणून आधी ऊन-थंड बघायचं, मग माप. न्हायतर तुझं बी खोटं आन् माझं बी खोटं. सरक पुढं, मागं रांग हाय."

ती सरकली नाही. "एप्रिलातलं माप जानेवारीत चालंल काय?"

"कशाचं?"

"फायबरचं."

आकारामने डोकं खाजवलं. "मला दुधातलं कळतंय बाई." पण त्याने टेबलाच्या खणातून एक जुना थर्मामीटर काढला, वरच्या टोकाचा टवका उडालेला. "आकडं दिसत्यात ह्याचं. फुटला तर सांग, लपवू नगंस."

घरी येऊन तिने तो आधी अज्जाला दाखवला. अज्जाने तो उन्हात धरला, सावलीत धरला, काखेत धरला. पारा चढतो-उतरतो हे बघून त्याचा चेहरा जरा बदलला.

"हे काहिलीत टाकलं असतं तर?"

"फुटलं असतं, अज्जा."

"बरं झालं तवा न्हवतं. मला कोण विचारलं असतं!"

दिवाळीच्या मोठ्या पणत्या फळीवर होत्या. दानेश्वरीने आठ काढल्या आणि खडूने आकडे घातले. संगमेश आंघोळीला बसला होता. चनबसाप्पाने अव्वाच्या तराजूने प्रत्येक पणतीत पन्नास ग्रॅम रेझिन मोजलं. गुरांच्या डॉक्टरांनी टाकलेली एक बारीक पिचकारी होती, सुई नसलेली, धुतलेली. रबरी हातमोजे घालून, चष्मा लावून, मुलाच्या बाटलीतून त्याने हार्डनर घेतलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

पहिल्या पणतीत संगमेशच्या एका बुचाच्या मापाने, दुसरीत दीड बुचाच्या, तिसरीत दोन, चौथीत चार. दानेश्वरी दाराशी, वाऱ्याच्या बाजूला घड्याळ घेऊन बसली होती. शेडमध्ये पारा चौदावर होता.

"ही काय भुतावळ मांडलीया?" संगमेश डोक्यावरून टॉवेल फिरवत आत आला. "एकाच टाकीचं रेझिन हाय, आन् तुमी भातुकली खेळायलाय?"

"अप्पा, पणतीभरच घेतलंय."

"पणती पणती करून किलो जातंय!"

"शाळंला जा तू," चनबसाप्पा नातीला म्हणाला. "मी बघतो." आणि मुलाकडे न बघताच, "तू बी जा. मोल्डला मेण लाव."

त्या आवाजात 'उतरा' म्हणणारा जुना माणूस होता. संगमेश पुटपुटत गेला.

ती शाळेतून परत आली तेव्हा भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. पाच मिनिटांना एक. चौथ्या पणतीपुढे चारच रेघा, तिसरीपुढे दहा, दुसरीपुढे सोळा. पहिलीपुढे रेघांची रांग खुंटीपर्यंत गेली होती आणि तिथे अज्जाने कंटाळून फुली मारली होती. पहिली अजून चिकट होती. चौथीवर केसाएवढी चीर होती.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी एकला, पारा अठ्ठावीसवर असताना, त्यांनी उरलेल्या चार पणत्या तशाच भरल्या. तीच मापं. या वेळी पाचवीला, एका बुचाच्या पणतीला, पाचच रेघा लागल्या. सहावीला तीन. सातवीला दोन. आठवी अज्जा ढवळतच होता तेवढ्यात काडी आत अडकून बसली.

"तेच माप," दानेश्वरी म्हणाली. "पहिलीत अन् पाचवीत एकच माप, अज्जा."

चनबसाप्पाने मान हलवली. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने पाचवीचंच मिश्रण पुन्हा केलं, दुप्पट. निम्मं पत्र्याच्या तुकड्यावर पातळ पसरलं आणि निम्मं एका अरुंद डबीत ओतलं. डबीतलं आधी घट्ट झालं, आणि हाताला गरम लागलं. पत्र्यावरचं अजून ओलंच होतं.

त्याने डबी दोन्ही तळव्यांत धरली.

"गोठ्यात म्हशी एकमेकींना खेटून बसल्या की ऊब धरत्यात," तो हळू म्हणाला. "लांब लांब बांधल्या की गारठत्यात. तसंच हाय हे. माझ्या बादलीत दहा किलो एकमेकाला खेटून बसलं, आन् वरनं मी पोतं घातलं."

दानेश्वरी हसली. तोही हसला. मग दाराकडे, त्या ढेपीकडे बघून हसायचा थांबला.

संध्याकाळी संगमेश पणत्यांच्या ओळीपुढे उकिडवा बसला. एकेक उचलून नखाने वाजवली. "ही कितीची?" त्याने विचारलं. "किती वाजता?" "पारा कितीवर?" दानेश्वरी वहीतून वाचून सांगत गेली. चौथी आणि आठवी त्याने परत परत बघितली. तो चुकलो म्हणाला नाही. म्हणाला, "सहाला सुरू करायचं न्हाय मग."

"शेड तापवू," चनबसाप्पा म्हणाला. "चुलवण हाय की. जाळ घालू."

"आण्णा! ह्याच्या वाफंला जाळ दावलास तर छप्पर उडंल."

"बरं. मग बंबाचं पाणी?"

संगमेशने विचार केला. "चालंल. बाहेर, अंगणात. रेझिनचा डबा कोमट पाण्यात ठिवायचा. कडत न्हाय."

"आंगोळीच्या पाण्याएवढं," दानेश्वरी म्हणाली आणि वहीत लिहिलं.

रविवारी सकाळी साचा तापायला उन्हात ओढून ठेवला. बसव्वाने बंब शेडपासून लांब, गोठ्यामागे पेटवला आणि पाण्याच्या बादल्या अंगणात आणून दिल्या. साडेदहाला पारा चोवीसवर आला तसा साचा परत शेडमध्ये घेतला.

"चौदाला दोन, अठ्ठावीसला एक. म्हंजे आता दीड," दानेश्वरी दारातून म्हणाली.

दीड बूच, एक किलो. संगमेशने ब्रश घेतला, चनबसाप्पाने मॅट अंथरली. काम चांगलं चाललं. एकेक किलो कालवायचं, पंधरा मिनिटांत संपवायचं. पहिला थर लागला. दुसऱ्याला सुरुवात झाली. दुपारचं ऊन पत्र्यावर चढलं. सगळ्यांची अंगं खाजत होती, घामात काचेचे तंतू टोचत होते, आणि संगमेशच्या हाताला दीडची सवय झाली होती. तो न विचारता दीड घालत राहिला.

चनबसाप्पाने मॅट खाली ठेवली. काडीने डब्यातलं रेझिन वर उचललं आणि खाली सोडलं. धार सरळ पडली नाही. मध्येच आखडली आणि तुटली.

"संगमेश, हात थांबव. तार तुटली."

"आण्णा, आत्ताच कालवलंय. सात मिन्टं झाल्यात."

"तार तुटली म्हणतोय. टाक ते."

संगमेशने रागाने ब्रश डब्यात बुडवला. वर काढला तर केसांना लोंबते गोळे होते, थंड तुपासारखे. ते टाकीवर लागले असते तर मॅट वर उचलली गेली असती. तो डब्याकडे बघत राहिला. मग दारातून दानेश्वरीचा आवाज आला. ती पाणी प्यायला गेली होती, आत्ता परत आली होती.

"एकतीस! अप्पा, एकतीस झालंय! एकच बूच!"

अर्धा डबा फेकावा लागला. त्यानंतर दर वेळी कालवायच्या आधी संगमेश मान वर करायचा. दानेश्वरी आकडा सांगायची, संगमेश हार्डनर मोजायचा आणि चनबसाप्पा काडी बुडवून तार बघायचा. "लाव," तो म्हणायचा. किंवा, "संपव लौकर." कुणी तक्रार केली नाही.

साडेचारला ऊन चिंचेच्या झाडामागे गेलं. पारा बावीस. वरच्या टोपणाचा शेवटचा थर आणि काठ राहिला होता. नेमका त्या वेळी कृष्णात आला.

"ट्रॉली सांगून आलोय. उद्या सातला," तो म्हणाला. "तयार न्हवं?"

संगमेशने साच्याकडे बघितलं, बाहेरच्या उन्हाकडे बघितलं. थर आत्ता लावला तरी सकाळी सातपर्यंत, तेही रात्रीच्या थंडीत, पक्का होणार नव्हता. त्याने बाटली उचलली. एक बूच रिकाम्या वाटीत घातलं. दुसरं घातलं. तिसऱ्यासाठी बाटली कलती केली.

दानेश्वरी फळीकडे गेली. दोन पणत्या आणल्या आणि दारातल्या ढेपीवर ठेवल्या, सगळ्यांना दिसतील अशा. एकीवर चार आकडा होता, दुसरीवर तीन. मोठ्या माणसांपुढे, तेही गिऱ्हाइकापुढे, अप्पाला थांबवायचं कसं हे तिला माहीत नव्हतं.

"हे काय?" कृष्णातने विचारलं.

"चारात जादा हार्डनर हाय," चनबसाप्पा म्हणाला. "तीनात थंडीपुरतं."

कृष्णातने चार नंबरची पणती घेतली आणि अंगठ्याने दाबली. टक् करून आतली पिवळी चकती मधोमध तुटली. मग त्याने तिसरी जमिनीवर ठेवली आणि आपल्या जाड चपलेच्या टाचेने तिच्यावर दणका दिला. मातीचा चुरा झाला. चकती उचलून त्याने उजेडाकडे धरली. ती तशीच होती.

संगमेशच्या हातात बाटली तशीच तिरपी होती. गिऱ्हाईक दारात, आणि आपण काय करत होतो हे त्या गिऱ्हाइकाने स्वतःच्या अंगठ्याने मोडून बघितलं होतं. त्याचे कान लाल झाले. मग त्याने वाटीतलं हार्डनर परत बाटलीत न घालता बाजूला ठेवलं आणि बाटलीला बूच लावलं.

"सातला न्हाय व्हायची," तो म्हणाला. "उद्या दहानंतर ऊन चढलं की हा थर लावतो. दुपारी चारला न्या. सातला पायजे असली तर करून देतो, पर ती ह्या चारसारखी असंल."

"मी सोमवार म्हणलं हुतं."

"चार वाजता बी सोमवारच असतोय की," बसव्वा गोठ्याकडून म्हणाली.

कृष्णातने तिच्याकडे बघितलं, मग हातातल्या चकतीकडे. ती त्याने खिशात टाकली. "चारला ट्रॉली येईल. पाचला न्हाय," असं म्हणून तो गेला.

सोमवारी दानेश्वरीचं शाळेत लक्ष नव्हतं. खिडकीतून ती चिंचेची सावली बघत होती. पाचला घंटा झाली तशी ती धावत शेडवर आली. साचा रिकामा होता. ओरखडे नव्हते, चिकटलेले तुकडे नव्हते. शेडमध्ये कुणीच नव्हतं. ती तशीच दप्तरासकट कृष्णातच्या मळ्याकडे पळाली.

आठ जण टाकीला धरून उभे होते. हिरवी, आतून उजेड दिसणारी टाकी. "हळू, हळू! म्हातारीच्या अंगावर येतीया!" टाकी तिरकी झाली, शेणकाल्याला टेकली, बुडबुडली आणि सरळ होऊन तरंगली. रेडकू दाव्याला बांधलेलं होतं, तेही बघत होतं. कृष्णातची आई बयाबाई हळद-कुंकवाची वाटी घेऊन आली. तिने टाकीला बोट लावलं आणि चाचपडून विचारलं, "ही मऊ न्हाय न्हवं?"

चनबसाप्पाने बोटांच्या पेरांनी टाकी वाजवली. कान लावून ऐकलं. पुन्हा जरा खाली वाजवली.

"न्हाय आक्का," तो म्हणाला. "पक्की हाय. उतरलीया."

दहा-बारा दिवसांनी बयाबाईच्या शेगडीवर निळा जाळ लागला आणि अकरापैकी चार घरांनी टाकी सांगितली. बाकीच्यांनी अजून बघू म्हटलं. कबनूरचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. पण हे सगळं नंतरचं. मंगळवारी काय झालं ते सांगतो.

मंगळवारी रेझिनचं नवं पिंप आलं. संध्याकाळी संगमेशने अंगणातली कात्री उचलून आत ठेवली. पिचकारी आणि हार्डनरची बाटली बापापुढे केली.

"आण्णा, हे तुझ्याकडं. मी ब्रश धरतो. पर दानू सांगंल तेवढंच घालायचं."

"व्हय रं," चनबसाप्पा बाटली चष्म्याजवळ धरत म्हणाला. "चाळीस वर्सं गाव मला विचारत हुतं, आता मी पोरीला विचारतो." आणि बाटली त्याने स्वतःच्या हाताने उंच फळीवर, जांभळ्या औषधापासून लांब ठेवली.

बुधवारी सकाळी दानेश्वरी दूध घालायला निघाली. शेडजवळ थांबली, किटली खाली ठेवली. थर्मामीटर आकारामला परत करायला नेला तेव्हा तो म्हणाला होता, माझ्याकडं नवा हाय, ठेव तुला. आता तो आतल्या खुंटीला दोऱ्याने टांगलेला होता, जिथे पूर्वी अज्जाचा डाव असायचा. तिने पारा बघितला. मग खडू घेऊन बाहेर आली, अज्जाच्या ढेपीवर चढली आणि दारावरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं:

सात वाजता चौदा. दहापर्यंत कुणी डबा उघडू नये.

खाली उतरून तिने हात फ्रॉकला पुसले, किटली उचलली आणि संस्थेच्या रांगेकडे चालू लागली.